परजीवींची साखर मोजताना या चुका टाळा

लेशमॅनिया या काळा आजाराच्या परजीवीच्या प्रोमॅस्टिगोटांनी, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवता येणाऱ्या शेपटीवाल्या पेशींनी, किती ग्लुकोज वापरले हे पहिल्या आणि सातव्या दिवशी, असे दोनदाच मोजून सांगणारे प्रबंध माझ्याकडे दरवर्षी तपासायला येतात. या पेशी वेगाने विभागत असताना ग्लुकोज भराभर उचलतात, वाढ मंदावली की उचल घटते आणि प्रोलिनसारख्या अमिनो आम्लांवरही त्यांचे भागते. सात दिवसांच्या सरासरीत हे सारे पुसले जाते. मी रोज ठरलेल्या वेळी न्यूबॉअर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या चौकटीदार काचपट्टीत) पेशी मोजते, त्याच नमुन्यातले ग्लुकोज मोजते आणि पेशी न घातलेल्या माध्यमाची, म्हणजे त्या वाढवण्याच्या द्रवाची, एक बाटली शेजारी ठेवते, कारण माध्यमात घातलेल्या सीरममधूनही साखर येते.

एका मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना गारही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर भरलेला होता, म्हणून एका विद्यार्थ्याने आपल्या बाटल्या साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून काटा २६ अंशांवर लावला. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. दोन दिवसांत पेशी गोलसर झाल्या, त्यांची हालचाल मंदावली आणि साखर जवळपास तशीच राहिली. त्याने मात्र बाटल्यांत घातलेल्या कडुनिंबाच्या अर्कामुळे साखरेचा वापर थांबला, असे लिहून आणले. अर्क न घातलेली बाटली मी तपासली, तर तिथेही साखर तेवढीच शिल्लक होती. घाईपायी तीन आठवडे वाया गेले. तेव्हापासून पाण्याच्या बाटलीत बुडवलेला थर्मामीटर इन्क्युबेटरमध्ये असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद होते.

संपलेल्या ग्लुकोजला ३८ ने, म्हणजे पूर्ण ज्वलनाच्या जुन्या पाठ्यपुस्तकी आकड्याने, गुणून एटीपी (पेशीची वापरायची ऊर्जा) काढणे ही मला सर्वांत खटकणारी चूक आहे. प्राणवायू असतानाही प्रोमॅस्टिगोट बऱ्याच ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन न करता सक्सिनेट, अॅसिटेट आणि अॅलानिन बाहेर टाकतात. निद्रारोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा ब्रुसी रक्तात असताना बहुतांश ग्लुकोज पायरुव्हेट या अर्ध्या टप्प्यापर्यंतच नेतो, म्हणजे एका रेणूमागे दोनच एटीपी. जिआर्डिया आणि एंटअमीबा या आतड्यातल्या परजीवींत तर श्वसनसाखळीतून एटीपी बनतच नाही. बाहेर पडलेली आम्ले मोजल्याशिवाय ऊर्जेचा आकडा लिहू नये.

नमुना टेबलावर ठेवून चहाला जाऊ नये, कारण नळीतल्या पेशी साखर वापरतच राहतात. तो लगेच बर्फात ठेवून गार सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावा. माध्यम अचानक गढूळ झाले, तर आधी जिवाणू शोधावेत. माध्यमातला फिनॉल रेड हा रंगदर्शक पिवळा पडला म्हणजे साखर संपली, असेही समजू नये; तो रंग फक्त आम्लता दाखवतो.