ब्रिटनमधला चाइल्ड बेनिफिट: पगार साठ हजारांवर गेला की हिशेब कसा मांडायचा

ब्रिटनमध्ये मुलांसाठी दर आठवड्याला सरकारकडून पैसे मिळतात. २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड. त्या दराने दोन मुलं असतील तर वर्षाचे साधारण २,२५१ पौंड होतात. मात्र आईवडिलांपैकी एकाचंही उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर गेलं, की हेच पैसे कराच्या रूपाने परत मागितले जातात. ६०,००० च्या वरच्या दर २०० पौंडांमागे मिळालेल्या रकमेचा एक टक्का. ८०,००० ला सगळेच गेले.

या हिशेबात धरतात ती रक्कम ऑफर लेटरवरच्या पगाराची नसते. ‘ॲडजस्टेड नेट इन्कम’ नावाचा एक वेगळाच आकडा असतो. नोकरीतल्या काही सवलती तो कमी करतात, काही गुपचूप वाढवतात. कोणती सवलत काय करते एवढं कळलं, की निम्मं काम झालं.

आधी व्हिसा पाहा

दोघांच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल, तर अर्ज करू नका. चाइल्ड बेनिफिट हा ‘पब्लिक फंड’च आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळेपर्यंत थांबावं लागतं. ऑफिसमधला सहकारी घेतो म्हणून आपणही अर्ज भरला, तर ते पुढच्या व्हिसाच्या वेळी अंगाशी येऊ शकतं.

कोणाचं उत्पन्न धरायचं

दोघांत ज्याचं जास्त, त्याचं. पैसे कोणाच्या खात्यात येतात याला महत्त्व नाही आणि लग्न झालेलं असायलाच हवं असंही नाही, एकत्र राहत असलात तरी नियम तोच. दोघांची बेरीजही करत नाहीत. त्यामुळे नवराबायको प्रत्येकी ५९,००० कमावत असतील तर एक पैसा परत द्यावा लागत नाही, आणि एकट्याच्या ८०,००० वर चालणाऱ्या घराला सगळा परत द्यावा लागतो. हा उघड अन्याय आहे. कुटुंबाचं एकत्र उत्पन्न धरण्याचा विचार सरकारने केला होता, पण २०२४ च्या शरद अर्थसंकल्पात तो सोडून दिला.

स्वतःचा आकडा काढा

पी-६०, म्हणजे वर्षअखेरीस कंपनी देते त्या पगार-कराच्या दाखल्यावरचा करपात्र पगार घ्या. सॅलरी सॅक्रिफाइस, म्हणजे पगाराचा काही भाग सोडून त्या बदल्यात कंपनीकडून पेन्शन किंवा दुसरी सवलत घेणं, केलं असेल तर ती रक्कम यातून आधीच वजा झालेली असते, पुन्हा वजा करू नका. पेन्शन ‘नेट पे’ पद्धतीने, म्हणजे कर लागण्याआधीच, कापलं जात असेल तरी तेच.

मग त्यात पी-११डी, म्हणजे पगाराबाहेरच्या फायद्यांच्या फॉर्मवरचे फायदे मिळवा. कंपनीने भरलेला खासगी मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता, कंपनीची गाडी वगैरे. काही कंपन्या हे फायदे दर महिन्याच्या पगारातच धरतात, तेव्हा ते पी-६० मध्ये आलेलेच असतात. पेस्लिप पाहून खात्री करा.

त्यानंतर भाडं, व्याज, डिव्हिडंड. आपल्या लोकांचा घोटाळा इथे होतो. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींवरचं व्याज भारतात करमुक्त असतं, पण ब्रिटनच्या कर-रहिवाशाने ते इथे साधारणपणे दाखवायचं असतं आणि ते या आकड्यातही धरलं जातं. पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्याचंही तेच. भारताचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, इथलं ५ एप्रिलला. म्हणून बँकेचं वार्षिक प्रमाणपत्र जसंच्या तसं वापरू नका, तारखा जुळवून घ्या.

शेवटी वजाबाकी: स्वतः भरलेलं खासगी पेन्शन आणि गिफ्ट एड या करसवलतीच्या योजनेखाली दिलेल्या देणग्या. दोन्ही ढोबळ रकमेने, म्हणजे तुम्ही ८०० भरले आणि पेन्शन कंपनीने सरकारकडून २०० मिळवले, तर १,००० वजा.

कोणती सवलत उपयोगी पडते

२०१७ पासून नियम कडक झाले. पगार सोडून त्या बदल्यात काहीही घेतलं की उत्पन्न कमी होतं, असं आता नाही. पेन्शन, सायकल टू वर्क (कंपनीमार्फत घेतलेली सायकल), कंपनीचं पाळणाघर आणि कमी प्रदूषण करणाऱ्या गाड्या एवढ्यांनाच मुख्यतः सूट उरली. चाइल्डकेअर व्हाउचर २०१८ मध्ये नव्या लोकांसाठी बंद झाले, जुन्यांचे चालू राहू शकतात. बाकी बहुतेक गोष्टींत सोडलेला पगार आणि मिळालेल्या वस्तूची किंमत यांतली मोठी रक्कम करपात्र धरतात. उदाहरणार्थ, कंपनीने कामासाठी सहज दिलेला एक मोबाइल करमुक्त असतो. तोच पगार सोडून घेतला तर करपात्र होतो आणि चाइल्ड बेनिफिटच्या दृष्टीने काहीच हाती लागत नाही.

आकड्यांत पाहू. दोन मुलं, पगार ६८,०००, मेडिकल इन्शुरन्सचे १,२०० आणि भारतातलं व्याज १,८००. एकूण ७१,०००. मर्यादेच्या वर ११,०००, म्हणजे ५५ टक्के, म्हणजे १,२३८ पौंड परत.

आता पगारातले ६,००० सॅलरी सॅक्रिफाइसने पेन्शनमध्ये वळवले. आकडा ६५,००० वर आला, परतफेड ५६२. इथे ६७६ वाचले, ४० टक्क्यांनी आयकर २,४०० वाचला आणि नॅशनल इन्शुरन्सचे (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे) १२०. पेन्शनमध्ये ६,००० गेले, पण हातात येणारी रक्कम फक्त २,८०४ ने घटली. स्कॉटलंडचे कराचे दर वेगळे आहेत, तिथे आयकराचा भाग निराळा येईल.

तेच ६,००० इलेक्ट्रिक गाडीसाठी सोडले तर? ३५,००० किमतीच्या गाडीवर २०२५-२६ मध्ये तीन टक्के, म्हणजे १,०५० पौंड फायदा म्हणून पुन्हा मिळवतात. आकडा ६६,०५०, परतफेड ६७५. तरीही चांगलंच, फक्त ही टक्केवारी दरवर्षी वाढते आहे.

पगार सोडण्याआधी काही गोष्टी बघाच. घरासाठी कर्ज घ्यायचं असेल तर बँक कमी झालेला पगार धरू शकते. बाळंतपणाच्या रजेचा पगारही त्याच कमी आकड्यावर ठरू शकतो. आणि पेन्शनमधले पैसे एप्रिल २०२८ पासून साधारण ५७ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाहीत. चार-पाच वर्षांत नाशिकला परतून घर बांधायचा बेत असेल, तर त्या घरासाठी हे पैसे धरू नका. एप्रिल २०२९ पासून पेन्शनसाठी सोडलेल्या पगारावरची नॅशनल इन्शुरन्सची सूट वर्षाला २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे; आयकराचा आणि चाइल्ड बेनिफिटचा फायदा मात्र तसाच राहतो.

सगळे परत जाणार असले तरी अर्ज करा

पैसे नको असा पर्याय निवडून नुसता अर्ज करता येतो. घरी राहणाऱ्या पालकाच्या नावानेच करा. मूल बारा वर्षांचं होईपर्यंत त्या पालकाला नॅशनल इन्शुरन्सचे क्रेडिट मिळतात आणि त्यावर पुढे सरकारी पेन्शन ठरतं. नोकरी सोडून मुलं सांभाळणाऱ्या आईसाठी हे फार मोलाचं आहे.

तारखा

सॅलरी सॅक्रिफाइस मागच्या तारखेने होत नाही. बोनस वळवायचा असेल तर तो हक्काचा होण्याआधीच पेरोलला लेखी कळवा. उशीर झालाच तर ५ एप्रिलच्या आत स्वतः खासगी पेन्शनमध्ये भरा. परतफेड सेल्फ असेसमेंटने, म्हणजे स्वतः कराचं रिटर्न भरून, करायची असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर ५ ऑक्टोबरपर्यंत नाव नोंदवा, रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत. रिटर्न भरण्याचं दुसरं कारण नसेल तर नोकरदारांना २०२५ पासून ही रक्कम टॅक्स कोडमधूनही, म्हणजे थेट पगारातून, कापून घेता येते. मात्र वर्ष संपल्यावर दिलेली गिफ्ट एडची देणगी मागच्या वर्षात दाखवायची असेल तर रिटर्नच लागतं, आणि देणगी ते भरण्याआधी द्यावी लागते.