जामीन झाला पण माणूस अजून आतच? ऑर्डर जेलपर्यंत पोचली का ते असं बघा

जामीन मंजूर झाला म्हणून घरचे जेलच्या गेटवर जाऊन बसतात आणि आतून निरोप येतो, ऑर्डर आलीच नाही. फार वाईट वाटतं हो तेव्हा.

खरंतर पोलिसांचं सीसीटीएनएस, कोर्टाचं ई-कोर्ट्स, जेलचं ई-प्रिझन्स, शिवाय फॉरेन्सिक आणि सरकारी वकील, हे सगळं कॉम्प्युटरवरचं रेकॉर्ड आयसीजेएस नावाच्या सरकारी सिस्टीमने जोडलंय, पण गुजरातमध्ये एका कैद्याची शिक्षा हायकोर्टाने २०२० ला स्थगित केली, ऑर्डर मेलने गेली, जेलमध्ये अटॅचमेंट उघडली नाही आणि माणूस जवळपास ३ वर्षं आतच राहिला. म्हणून मागे लागावं लागतं.

आधी एफआयआरची कॉपी काढा, त्यावरचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), साल आणि पोलीस ठाणं लिहून घ्या. मग ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख नंबर टाका, १६ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या जिल्हा-तालुका कोर्टांचा एमएचने सुरू होतो. नसेल तर एफआयआर नंबरवरून पण सर्च होतं. जामीन अर्जाचा सीएनआर मूळ केसपेक्षा वेगळा असतो हे लक्षात ठेवा, इथेच लोक चुकतात.

ऑर्डर मिळाली की नाव अक्षर न अक्षर ताडून बघा. माझ्या मामेभावाच्या वेळी वडिलांचं नाव ऑर्डरमध्ये बापुराव आणि जेलच्या रेकॉर्डला बाबुराव होतं, एका अक्षरासाठी दोन रात्री जास्त गेल्या, वकिलांनी दुरुस्ती करून आणली तेव्हा सुटला. गु.र.नं. आणि कलमं पण तशीच बघा.

सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामिनाची ऑर्डर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेलने जेल अधीक्षकांकडे जायला हवी आणि त्यांनी ती तारीख ई-प्रिझन्सला टाकायची. तेव्हा जेल ऑफिसला नुसतं "ऑर्डर आली का" विचारू नका, "ई-प्रिझन्सला जामिनाची तारीख पडली का" असं विचारा. त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या केसमध्ये तो अटकेत आहे का तेही विचारून घ्या, असेल तर या ऑर्डरवर सुटणार नाही.

७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. तुम्हीही थेट जा, सीएनआर आणि ऑर्डरची प्रिंट घेऊन, जामीनदार मिळत नसेल तर तेही सांगा. कोठडीतल्या माणसाला तिथला वकील फुकट असतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा फोन १५१००.