जिन्याचा दिवा लावला की आरसीसीबी पडतो? न्यूट्रल तपासताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत भावाभावांची वाटणी होते, वर मजला चढतो, दुसरा मीटर येतो. जिन्याचा दिवा मात्र जुन्याच वायरवर राहतो: फेज (वीज आणणारी वायर) खालच्या घराचा, न्यूट्रल (परतीची वायर) वरच्याचा. दिवा लागतो, म्हणून कुणी खोलात जात नाही. मग कुणीतरी आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) बसवतं आणि जिन्याचं बटण दाबलं की तो पडतो, म्हणजे ट्रिप होतो.

पावसाळ्यात याचं खापर ओलीवर फुटतं. जुलैत कोल्हापूरच्या जुन्या भिंती ओल धरतात, हे खरंच. पण ओलीचा दोष पाऊस उघडल्यावर कमी होतो. ठरावीक दिवा लावताक्षणी, भर उन्हाळ्यातही आरसीसीबी पडत असेल, तर आधी न्यूट्रल बघा.

आरसीसीबी बदलू नका, बायपास तर मुळीच करू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. ९ वॅटचा एलईडीसुद्धा जवळपास ४० मिलिअँपिअर किंवा जास्तच घेतो. तो दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परतला, तर आरसीसीबी पडणारच. तो त्याचं काम चोख करतोय.

एमसीबी पाडला म्हणजे काळी वायर मेली, असं समजू नका

यातच माणसं जातात. एकेरी एमसीबी (जास्त करंट गेला की सर्किट तोडणारा स्विच) फक्त फेज तोडतो. न्यूट्रल सामायिक असेल, तर काळ्या म्हणजे न्यूट्रलच्या वायरचा जोड सोडल्याबरोबर दुसऱ्या सर्किटचा चालू दिवा तिच्या टोकावर २३० व्होल्ट आणून ठेवतो. जोड सोडण्याआधी टेस्टर पेटत नाही, सोडल्यावर पेटतो. म्हणून दोन्ही मीटरचे डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारे) मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लगही काढा. मग मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. मल्टीमीटर ठीक आहे का, हे आधी चालू सॉकेटवर बघून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे.

दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असतील, तर धोका आणखी वाढतो. सामायिक न्यूट्रल तुटला की दोन्हीकडचा लोड ४०० व्होल्टच्या आसपास सिरीजमध्ये येतो आणि ज्या बाजूला लोड कमी, तिथले दिवे आधी जळतात.

बीप आला नाही म्हणून थांबू नका

दोन्ही सर्किटचे न्यूट्रल लिंकमधून (न्यूट्रल जोडायच्या पट्टीतून) काढा, चिकटपट्टीवर नंबर घाला आणि त्या दोघांत मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघा, म्हणजे वाट जोडलेली असेल तर बीप येतो. एक-दोन ओहम आले, तर कुठेतरी जोड आहे. पण जिन्याच्या दिव्याच्या दोषात दोन्ही न्यूट्रल एकमेकांना लागलेले नसतात, त्यामुळे ही चाचणी साफ दिसते. पहिल्या सर्किटचा फेज एमसीबीतून सोडा आणि तो व दुसऱ्याचा न्यूट्रल यांत मोजा. एलईडीतून मल्टीमीटरला नीट वाट दिसत नाही. होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. तो थंड असताना साधारण ६०-७० ओहम दाखवतो. जिन्याच्या दोन्ही बटणांच्या चारही जुळण्या बघा, कारण वाट त्यांतल्या दोनांतच पूर्ण होते.

५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावणार असाल, तर एलईडी, डिमर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी काढा.

चालू लाइनवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणारा) लावायचा, तर त्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकत्र जबड्यात घ्या. आकडा शून्य हवा. इथेही एलईडी फसवतो, साध्या क्लॅम्पला इतका लहान करंट कळत नाही. १०० वॅटचा बल्ब लावला तर ०.४३ अँपिअर स्पष्ट दिसतात.

दुरुस्तीतली चूक

दोन मीटरचे न्यूट्रल एकमेकांना बांधून टाकणं हा उपाय नव्हे. ज्या घराचा फेज, त्याच घराच्या डीबीतून (एमसीबी असलेल्या पेटीतून) १.५ चौरस मिलिमीटरची नवी काळी वायर होल्डरपर्यंत ओढा आणि परकी वायर दोन्ही टोकांना सोडून टोपी लावा. मीटरच्या सीलला हात लावू नका, ते महावितरणचं काम. बऱ्याच मीटरवर ‘ईएल’चा लहान लाल दिवा असतो, फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळला नाही की तो लागतो. दुरुस्तीनंतर जिन्याचा दिवा लावून तोही बघा, मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा.