सीएसव्ही उघडताना गट नंबरची तारीख होऊ नये म्हणून

शेतकऱ्यांच्या यादीची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की गट नंबर ५/२ च्या जागी ५ फेब्रुवारी येते, लातूरचा एसटीडी कोड ०२३८२ चा २३८२ होतो आणि आधार नंबर ई+११ असा आखडतो. फाइल बिघडलेली नसते. सीएसव्हीत नुसता मजकूर आणि स्वल्पविराम असतात. कोणता रकाना आकड्यांचा, कोणता तारखांचा, हे तिच्यात लिहिलेलंच नसतं. ते एक्सेल आपल्या मनानं ठरवतं.

यातला आधार परत मिळतो. बारा अंकीच असल्यानं तो फक्त दिसायला आखडतो. फॉरमॅट ‘नंबर’ आणि दशांश ० केले की झालं. सोळा अंकी बँक खात्याचं तसं नाही. एक्सेल १५ अंकच धरतं, सोळावा शून्य करून टाकतं. गट नंबरही गेलाच समजा: सेल टेक्स्ट केला तर ५/२ ऐवजी ४५६९३ सारखा आकडा दिसतो, म्हणजे फाइल उघडली त्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीचा एक्सेलमधला क्रमांक (४५६९३ हा २०२५ चा). अशा वेळी सेव्ह न करता बंद करा आणि मूळ फाइल नव्यानं आणा.

एक्सेल २०१९ किंवा नंतरचं असेल तर कोरी शीट उघडून ‘डेटा’ मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. फाइल निवडली की ‘फाइल ओरिजिन’ (फाइलमधली अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ६५००१ यूनिकोड (यूटीएफ-८) आणि डिलिमिटर, म्हणजे रकाने वेगळे करणारं चिन्ह, कॉमा ठेवा. लगेच ‘लोड’ दाबू नका, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबा. गट नंबर, खातं, फोन, आधार या रकान्यांच्या नावाशेजारच्या चिन्हावर क्लिक करून ‘टेक्स्ट’ निवडा. तिथं प्रश्न येतो, त्याला ‘रिप्लेस करंट’ हेच उत्तर द्या. ‘ॲड न्यू स्टेप’ म्हटलं तर आधी आकडा होतो, मग टेक्स्ट. शून्य तोवर उडालेलं असतं. शेवटी ‘क्लोज अँड लोड’.

मराठी नावांच्या जागी टोपीवाली रोमन अक्षरं दिसली तर ओरिजिन चुकलंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणून एकाची तीन होतात. नावांऐवजी निव्वळ प्रश्नचिन्हं असतील तर मात्र कुणीतरी ती फाइल साध्या सीएसव्हीत सेव्ह केलेली आहे; मूळ फाइलच मागवा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर यानं सुधरत नाही, त्याला कन्व्हर्टर लागतो.

तारखांचा रकाना अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे चिकटला तर विंडोजचं रीजन अमेरिकेचं आहे. १३/०६ मजकूर म्हणून राहतो, पण ०५/०६ ची मुकाट्यानं ६ मे होते. हीच चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसत नाही. रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ करा आणि फाइल परत आणा.

लिब्रेऑफिस कॅल्क उघडतानाच खिडकी दाखवतं. तिथंच यूटीएफ-८ आणि रकान्याला ‘टेक्स्ट’ द्या. काम करायची प्रत एक्सएलएसएक्समध्ये ठेवा. पुढं पाठवायला सीएसव्हीच हवी असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, आणि ती तपासायला नोटपॅड वापरा.