आजी-आजोबांना समुद्रावर न्यायचे असेल तर आधी तिथी पाहा

सुट्टीत गुहागर किंवा हर्णैकडच्या घरी गेल्यावर मुलांची धाव थेट समुद्राकडे असते, पण गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना कोरड्या, पाय रुतणाऱ्या पुळणीतून चालवणे त्रासाचे ठरते. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू मात्र घट्ट असते आणि तिच्यावर काठी टेकत सावकाश चालता येते, म्हणून जाण्याची वेळ घड्याळापेक्षा तिथीवरून ठरवावी. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीच्या पाऊणपट तासांना भरती येते आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. पौर्णिमेला वा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. अष्टमीला मात्र सहालाच भरती असल्याने संध्याकाळचा बेत सोडावा. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब ढोबळ असल्याने गावातल्या मासेमाऱ्याला एकदा विचारून घ्यावे (बहुधा हे आजोबांनाच तोंडपाठ असते). सोबत हलकी खुर्ची ठेवावी; मात्र तिचे पाय ओल्या वाळूतही रुततात, म्हणून खाली फळी घालावी.