अंगणवाडीसाठी चित्रांची पुस्तकं निवडताना

पुस्तक हातात आलं की आधी मजकूर वाचू नका. ओळींवर हात ठेवून पानं उलटा आणि फक्त चित्रं पाहा. कोण आहे, काय अडचण आली, शेवटी काय झालं, हे चित्रांवरूनच समजत असेल तर ते घेण्यासाठी बाजूला काढा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अक्षरं येत नाहीत, ती चित्रच वाचतात. ‘ससा घाबरून पळाला’ असं छापलेलं आणि चित्रात ससा समोर बघून हसतोय, अशी पुस्तकं आठवडी बाजारात ढिगानं मिळतात. ‘अ अननसाचा’ छापाचे अंकलिपीचे तक्तेही गोष्टीच्या पुस्तकांत मोजू नका.

नंतर अंतर तपासा. वीस-पंचवीस मुलं अर्धगोलात बसली की शेवटचं मूल सात-आठ फुटांवर असतं. पुस्तक भिंतीला टेकवा, तेवढं मागं जाऊन जमिनीवर बसा आणि पाहा. मुख्य पात्राचा चेहरा ओळखू आला पाहिजे. साधारण ए-फोर आकाराचं पुस्तक गटात चालतं. तळहाताएवढं पुस्तक दोन-तीन मुलांना जवळ घेऊन वाचण्यापुरतं. कागद चकचकीत असेल तर जास्त जपून घ्या. बऱ्याच खोल्यांत उजेड येतो तो एका दारातून, आणि पान त्याच्यासमोर धरलं की अर्ध्या मुलांना नुसती चमक दिसते. दारात उभं राहून पान तिरपं करून बघितलं की लगेच कळतं.

आता मजकूर, तोही मोठ्यानं. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पानावर एक-दोन छोट्या ओळी आणि 12 ते 16 पानं पुरेत. पाच-सहा वर्षांची मुलं तीन-चार ओळी आणि 24 पानांपर्यंत टिकतात. एका पानावर फार वेळ थांबावं लागलं की मागची रांग चुळबुळ करायला लागते, कारण तेवढ्या वेळात त्यांचं चित्र पाहून झालेलं असतं. पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ असेल तर उत्तम. तिसऱ्या वेळी मुलं ती स्वतःच म्हणतात. वाचताना जीभ अडखळली तर भाषांतर कच्चं आहे असं समजा. शेवटी ‘तात्पर्य’ चिकटवलेलं पुस्तक आम्ही घेऊ नका असंच सांगू.

प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट उतरवून छापता येतात. तिथली पातळी 1 म्हणजे जास्तीत जास्त 250 शब्द, पातळी 2 म्हणजे 600. हे मोजमाप स्वतः वाचणाऱ्या मुलासाठी आहे. ऐकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला पातळी 2 मधली छोटी गोष्टही झेपते.

घरची बोली हा आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळकडं कोलामी बोलणारी मुलं पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसतात. तिथं बिनशब्दांची पुस्तकं भरपूर ठेवा, म्हणजे ताईला किंवा मदतनीसताईंना घरच्या बोलीत गोष्ट सांगता येते. गोंडीत छापलेलं पुस्तक मिळालं तरी घेण्याआधी गावातल्या एखाद्या आईकडून वाचून घ्या, कारण गोंडी भागाभागानं बदलते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या बोलीत सांगा, मग छापलेली ओळ जशीच्या तशी वाचा.

चित्रात पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर, कवेलूचं (कौलारू) घर, तान्ह्या पोळ्याचा (मुलांच्या पोळ्याचा) लाकडी नंदी दिसला की मुलं बोलायला लागतात. समुद्र आणि आगगाडीही हवीच, फक्त सगळी पुस्तकं शहरी नकोत. काळा म्हणजे दुष्ट, मुलगी म्हणजे भांडी घासणारी, आदिवासी म्हणजे पिसं लावून नाचणारा, असं चित्र दिसलं की पुस्तक परत ठेवा.

पंचवीस मुलांच्या अंगणवाडीला सुरुवातीला चाळीस प्रती पुरतात. वेगवेगळी तीस नावं घ्या आणि त्यातल्या सर्वात आवडत्या पाचांच्या आणखी दोन-दोन प्रती, कारण ताईनं नुकतंच वाचलेलं पुस्तकच सगळ्यांना हवं असतं. भावंडांबरोबर येणारी लहानगी पानं तोंडात घालतात. त्यांच्यासाठी तीन-चार जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची ठेवा, तीही त्या तीसांतच धरा. पिना मारलेली बांधणी असेल तर मधलं पान हलकं ओढून पाहा.

पुस्तकं लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवली तर निवडीचा उपयोग नाही. दोन फूट उंचीवर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा, मुखपृष्ठ समोर. पावसाळ्यात भिंतीला ओल आणि वाळवी लागते, तेव्हा दोरी खोलीच्या मध्ये घ्या. फाटलेलं पान सेलोटेपनं चिकटवलं की पिवळं पडतं. पातळ कागदाची पट्टी आणि फेविकॉल वापरा.

दोन आठवड्यांनी बघा, मुलं आपणहून कोणती उचलतात. न उचललेली एक-दोनदा वाचून दाखवा. तरीही पडूनच राहिली तर शेजारच्या अंगणवाडीशी अदलाबदल करा.