पॉम्पेईला गेलात तर आधी उंबरठे बघा

पॉम्पेईला जाणारे बरेच जण ॲम्फीथिएटर, श्रीमंतांच्या घरातली भित्तिचित्रं आणि राखेत मेलेल्या माणसांचे प्लास्टरमध्ये ओतलेले देह बघतात आणि परत ट्रेन पकडतात. पण इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या या गावात साधी माणसं कशी जगत होती ते बघायचं असेल तर नजर खाली ठेवून चालायचं, एवढी एकच गोष्ट मला सांगायचीये.

नेपल्सहून सर्कमव्हेसुव्हियाना लोकलने पॉम्पेई स्कावी स्टेशनला उतरा, गेट समोरच आहे, आत शिरतानाच नकाशा घ्या. प्रत्येक दाराला तीन आकड्यांचा पत्ता आहे, पहिला आकडा विभागाचा, दुसरा ब्लॉकचा, तिसरा दाराचा. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात इथलं उत्खनन करणाऱ्या जुझेप्पे फिओरेल्लीने बसवली, ती एकदा कळली की गाइड नसला तरी चालतं.

आता सरळ विया देल्लाब्बोंदान्त्सा या मोठ्या रस्त्यावर या आणि दोन्ही बाजूचे दगडी उंबरठे बघत चला. ज्या उंबरठ्यात लांब सरळ खाच आहे ते दुकान. त्या खाचेत लाकडी फळ्या एकामागे एक सरकवायच्या आणि खाच संपते तिथे एक गोल खळगा दिसेल, त्यात शेवटचं छोटं दार फिरायचं. आपल्या जुन्या पेठांमधल्या दुकानांना फळ्या असायच्या ना, सेम तसंच. खाच नसेल आणि दोन्ही टोकांना खळगे, मधे अडसरासाठी भोक असेल तर ते घराचं दार. हे जमलं की दुकानं किती आणि घरं किती ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं.

रस्त्यात मधेच मोठे उंच दगड आहेत ते पायी ओलांडायला, कारण सांडपाणी रस्त्यावरूनच वाहायचं, आणि त्यांच्या मधल्या फटीतून गाड्यांची चाकं जायची, तिथे चाकोऱ्या पडलेल्या अजून दिसतात. चौकातल्या कारंज्यापाशी मात्र थांबाच. तोटीच्या बाजूचा दगड घासून खोलगट झालाय बघा, पाणी प्यायला वाकताना लोक तिथेच हात टेकायचे, पिढ्यानपिढ्या. बहुतेकांच्या घरात नळ नव्हता, पाणी इथूनच भरायचं.

खायच्या दुकानांच्या ओट्यात मोठे रांजण बसवलेले आहेत. २०२० मध्ये पाचव्या विभागात असंच एक दुकान पूर्ण उकरलं, तिथल्या रांजणांत बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगाय यांचे अवशेष सापडले.

सगळ्यात जास्त वेळ बेकरीला द्या. लाव्हाच्या दगडाची उभी जाती दिसतील, वरचा दगड डमरूसारखा, त्याच्या खाचेत लाकडी दांडा घालून गाढवं किंवा गुलाम गोल गोल फिरायचे. जात्याभोवतीची फरशी नीट बघा. २०२३ मध्ये नवव्या विभागात एक बेकरी सापडली, तिच्या फरशीत जनावरांचे पाय बरोबर पडावेत म्हणून मुद्दाम खाचा कोरलेल्या आहेत, बाहेरचं दिसेल अशी खिडकी नाही, ज्या आहेत त्या छोट्या, उंचावर आणि लोखंडी गज लावलेल्या. म्हणजे माणसं आणि गाढवं दोघांना कोंडून पीठ दळून घेत होते. मोदेस्तुसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत जळून कोळसा झालेले ८१ पाव मिळाले तेव्हा सगळ्यांना पावाचं कौतुक वाटलं, पण तो पाव कोणाच्या जिवावर तयार होत होता ते या फरशीवर दिसतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

जमलं तर त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं जवळचं हर्क्युलेनियमही करा, तिथे लाकूड जळून कोळसा होऊन टिकलंय, लाकडी फोल्डिंग पार्टिशनसुद्धा जागच्या जागी उभं आहे.

आणि नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम अजिबात सोडू नका (मंगळवारी बंद असतं). तिथल्या गुप्त दालनात (कामुक कलावस्तूंचं दालन) साधारण वीतभर उंचीची एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे, १९३८ मध्ये पॉम्पेईतच एका घरात सापडली, लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध झाली पण अभ्यासक तिला यक्षीही म्हणतात. तिच्याशी खूप साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या महाराष्ट्रातल्या तेरला (धाराशिव जिल्हा) आणि भोकरदनला (जालना जिल्हा) मिळाल्यात. जायच्या आधी तेरचं म्युझियम बघून घ्या, म्हणजे तिचे दागिने आणि केशरचना लगेच ओळखता येतील.